तोंडाला आलेला ‘फेस’

“माझ्या नातीला पोहण्याच्या शर्यतीत पहिले बक्षीस मिळाले. तिने आमच्या सगळ्या घराला लाँग फेस दिला.” ही दोन इंग्रजी वाक्ये रेघी वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरांत लिहून एका शनिवारी सकाळी माझ्या इंग्रजीच्या वर्गाला येणाऱ्या, चीनमधल्या सिच्वानच्या आजोबांनी माझ्यासमोर ठेवली आणि मी हसले. नुसती हसले असते तर निभावले असते. मी ती वाक्ये सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली, फळ्यावर ओठांची टोके खाली वळलेला एक लांबुडका चेहरा काढला, आणि ‘लाँग फेस’ म्हणजे उतरलेला चेहरा, नातीला बक्षीस मिळाल्यावर आजोबांचा चेहरा कधी उतरतो का, असेही वर विचारले. वर्ग हसला. आजोबाही हसले. पुढचे दोन शनिवार ते आले नाहीत.

बॉक्स हिल हे मेलबर्नच्या पूर्वेकडचे उपनगर. तेथील बाजारातून चालताना दुकानांच्या पाट्यांवर इंग्रजीच्या बरोबरीने, आणि कित्येकदा इंग्रजीच्या आधी, चिनी लिपी दिसते. तेथून जवळच असलेल्या एका सार्वजनिक वाचनालयात दर शनिवारी दीड तास इंग्रजी संभाषणाचा विनामूल्य वर्ग भरतो आणि गेली काही वर्षे मी तेथे स्वयंसेवक म्हणून जाते. लग्नाआधी पुण्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवले होते, एवढीच माझी पात्रता. वर्गाला येणारे बहुतेक जण चीनमधून आलेले असतात: नातवंडे सांभाळण्यासाठी मुलांकडे येऊन राहिलेले आजी-आजोबा, बेकरी चालवणाऱ्या शान्तुंगच्या एक बाई, क्वांगचौच्या एक निवृत्त परिचारिका, आणि विद्यापीठात भाषाविज्ञान शिकणारा, पण चारचौघांत इंग्रजी बोलण्याचा संकोच जावा म्हणून आमच्याकडे येणारा एक मुलगा. ही सगळी मंडळी मला ‘लाओशी’ म्हणतात. ‘लाओ’ म्हणजे म्हातारा किंवा जुना, आणि ‘शी’ म्हणजे गुरू. पंचविशीतल्या शिक्षिकेलाही लाओशीच म्हणतात, कारण त्या ‘लाओ’मधले वय केव्हाच गळून पडले आहे आणि मान तेवढा उरला आहे. पहिल्या दिवशी मी दचकले खरी. पण मग आठवले की पुण्याच्या शाळेतही मुले मला ‘बाई’ म्हणत, आणि त्या ‘बाई’चा अर्थ नुसती स्त्री असा नव्हे हे तेथे कोणाला समजावून सांगावे लागत नसे.

आजोबांच्या वाक्यात काय घडले होते ते त्या भाषाविज्ञानाच्या मुलाने वर्ग सुटल्यावर मला हळू आवाजात सांगितले. चिनी लिपीत एक चिन्ह असे आहे की ज्याचे उच्चार दोन आहेत. चढत्या सुरात ‘छांग’ म्हटले तर त्याचा अर्थ लांब असा होतो, आणि खाली उतरून पुन्हा वर येणाऱ्या सुरात ‘जांग’ म्हटले तर त्याचा अर्थ वाढणे असा होतो. चेहऱ्याला ‘ल्येन’ म्हणतात. घरातल्या कोणी पराक्रम केला की घराचा चेहरा वाढतो, ‘जांग ल्येन’ होतो, म्हणजे घराची प्रतिष्ठा वाढते. आजोबांनी मोबाईलवर ही दोन चिन्हे लिहिली, आणि भाषांतर करणाऱ्या त्या यंत्राने ‘जांग’ऐवजी ‘छांग’ वाचून ‘लाँग फेस’ हातात ठेवला. म्हणजे आजोबांना म्हणायचे होते की नातीने आमची मान उंचावली.

मराठीत हे वाक्य मनात उमटले तेव्हा मला माझी खरोखर लाज वाटली. कारण ज्या भाषेत ती मान म्हणजे गळ्याच्या मागचा भाग आणि तो मान म्हणजे प्रतिष्ठा, ज्या भाषेत पहिली उंचावली की दुसरा आपोआप वाढतो, त्या भाषेत वाढलेल्या बाईला एका चिन्हाचे दोन उच्चार आणि त्यांचे दोन अर्थ समजायला काय कठीण होते? एखाद्या यंत्राने ‘आमची मान उंचावली’चे भाषांतर ‘आमच्या गळ्याची लांबी वाढली’ असे केले असते तर मी यंत्राला हसले असते, बोलणाऱ्याला नव्हे.

दुसऱ्या शनिवारीही आजोबांची खुर्ची रिकामी राहिली, तेव्हा शान्तुंगच्या बाईंनी मला बाजूला घेऊन माझी कानउघाडणी केली. त्यांचे इंग्रजी मोडके, पण राग अस्खलित. त्यांचे म्हणणे असे होते की चूक दाखवणे हे लाओशीचे कामच आहे, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण सत्तरीच्या माणसाची चूक सुनेच्या वयाच्या बायकांसमोर फळ्यावर काढायची नसते, ती वहीतल्या वहीत दाखवायची असते. “तुम्ही त्यांचे म्येन-त्झ ठेवले नाही,” असे त्या म्हणाल्या. म्येन म्हणजेही चेहराच, म्हणून मी विचारले, म्हणजे ल्येन का? त्यांनी मान हलवली. ल्येन नव्हे, म्येन-त्झ. ल्येन गेला असता तर त्यांनी काही वाईट केले असते. त्यांनी काही वाईट केले नाही, त्यांचा फक्त मोठेपणा उणा झाला.

हा फरक त्या बाईंनी एका वाक्यात सांगितला, पण तो नीट मांडायला विद्वानांना बराच वेळ लागला होता. हू श्येन-चिन या चिनी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९४४ मध्ये एका अमेरिकन नियतकालिकात यावर सविस्तर निबंध लिहिला. माणसाच्या नीतीवर समाजाचा जो विश्वास असतो तो ‘ल्येन’, आणि यश, पद, पैसा, ओळखीपाळखी यांतून जी प्रतिष्ठा उभी राहते ती ‘म्येन-त्झ’, अशी त्यांची मांडणी आहे. ‘बु याव ल्येन’, म्हणजे ज्याला चेहरा नकोच आहे असा माणूस, ही तेथे जिव्हारी लागणारी शिवी आहे. म्येन-त्झ मात्र देता येते, राखता येते, उसने घेता येते, कमीजास्त करता येते. आपल्याकडेही अब्रू आणि रुबाब यांत असेच काहीसे अंतर असते. रुबाब उतरला तरी माणूस गावात राहू शकतो, पण अब्रू गेली की त्याला तोंड दाखवायला जागा उरत नाही. हे शेवटचे वाक्य तर चिनी माणूस जवळपास शब्दशः असेच बोलतो: ‘मेइ ल्येन च्येन रेन’, माणसांना भेटायला चेहरा नाही. चिनी लेखक लू शुन यांनी १९३४ मध्ये म्येन-त्झवर लेख लिहिला तेव्हा त्यांचीही तक्रार हीच होती की हा शब्द ऐकल्याबरोबर समजल्यासारखा वाटतो, आणि विचार करू लागले की गोंधळ होतो.

आता या सगळ्याला मी शिकवत असलेल्या इंग्रजी शब्दाच्या बाजूने पाहू. इंग्रजीतल्या ‘फेस’चा शब्दशः अर्थ चेहरा, आणि ‘लूज फेस’ म्हणजे चेहरा हरवणे हा त्याचा लाक्षणिक वापर, चारचौघांत नाचक्की होणे. माझ्या जुन्या वळणाने मी हे पुस्तकातल्याप्रमाणे शिकवत आले होते: आधी शरीराचा अवयव, मग घड्याळाची तबकडी, मग कड्याची उभी बाजू, आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर, वाक्प्रचार. शब्दशः अर्थ म्हणजे भाकरी आणि लाक्षणिक अर्थ म्हणजे तोंडी लावायचा ठेचा, अशी काहीतरी माझी समजूत होती. त्या शनिवारी मी ‘लूज फेस’ हे अवघड म्हणून फळ्यावर लिहिले आणि समजावून सांगू लागले, तेव्हा वर्गात एक विचित्र शांतता पसरली. क्वांगचौच्या परिचारिका बाई अखेर संकोचून म्हणाल्या, “लाओशी, हे तर आमचे आहे.”

आणि ते खरेच त्यांचे आहे. ‘लूज फेस’ हा इंग्रजी वाक्प्रचार चिनी ‘द्यू ल्येन’चे शब्दशः भाषांतर होऊन इंग्रजीत आला. अफूच्या युद्धांनंतर चीनच्या बंदरांमध्ये इंग्रज व्यापारी, वकिलातीतले अधिकारी आणि मिशनरी मोठ्या संख्येने राहू लागले, चिनी लोकांच्या तोंडून त्यांनी हा शब्द पुन्हा पुन्हा ऐकला, आणि त्याला आपल्या भाषेत जोडीचा शब्द नाही असे वाटल्याने तो तसाच्या तसा उचलला. चीनच्या सागरी जकात खात्याचे प्रमुख रॉबर्ट हार्ट यांच्या १८७६ च्या लिखाणात तो सापडतो. आर्थर स्मिथ या अमेरिकन मिशनऱ्याने चिनी स्वभावावर लिहिलेल्या पुस्तकाची १८९४ ची आवृत्ती तर ‘फेस’ याच प्रकरणाने सुरू होते. (हे स्मिथ शान्तुंगमध्येच राहत असत. बाईंना मी हे सांगितले तेव्हा, त्यांना कोणी विचारले होते आमच्याबद्दल लिहायला, एवढेच त्या म्हणाल्या.) चेहरा हरवतो म्हटल्यावर तो वाचवताही आला पाहिजे, म्हणून चीनमधल्या इंग्रजांनी ‘सेव्ह फेस’ हा जोडशब्द स्वतःच घडवला, असे कोशकार मानतात; चिनीत चेहरा राखतात, परत मिळवतात, पण त्या इंग्रजी शब्दाचा नेमका साचा तेथे सापडत नाही. माझ्या आजेसासऱ्यांनी रत्नागिरीहून मुंबईला पाठवलेली आंब्याची पेटी तीन हात फिरून पुन्हा आमच्याच दारात भेट म्हणून आली होती, अशी एक गोष्ट आमच्या घरात सांगतात. मी त्या शनिवारी वर्गाला तशीच पेटी उघडून दाखवत होते आणि आंबा कसा खायचा ते शिकवत होते.

त्या मुलाची गंमत आणखी वेगळी. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५५ मध्ये माणसे बोलताना परस्परांचा चेहरा कसा सांभाळतात यावर निबंध लिहिला आणि त्याच्या तळटिपांत हू बाईंचा व स्मिथ यांचा आधार दिला. पुढे ब्राऊन आणि लेव्हिन्सन या दोन अभ्यासकांनी गॉफमन यांच्यापासून आणि इंग्रजीतल्या याच वाक्प्रचारापासून सुरुवात करून सभ्यतेचा एक व्यापक सिद्धान्त मांडला. तो १९७८ मध्ये प्रथम आणि १९८७ मध्ये सुधारून प्रसिद्ध झाला. तो आज जगभर भाषाविज्ञानाच्या अभ्यासक्रमात असतो, आणि चीनमध्ये तो ‘म्येन-त्झचा सिद्धान्त’ या नावाने शिकवला जातो. म्हणजे या मुलाने आपल्या आजीच्या तोंडचा शब्द पाश्चात्त्य सिद्धान्त म्हणून परीक्षेसाठी पाठ केला होता. त्यात चेहऱ्याचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक म्हणजे आपण इतरांना आवडावे ही इच्छा, आणि दुसरा म्हणजे आपल्या वाटेत कोणी येऊ नये ही इच्छा. मी त्याला विचारले, आजीला हे पटेल का? तो म्हणाला, पहिला पटेल; दुसरा ऐकून ती विचारील की वाटेत कोणीच नसेल तर चेहरा दाखवायचा कोणाला. तेथील काही अभ्यासकांनीही नव्वदच्या दशकात नेमका हाच आक्षेप घेतला होता: चिनी चेहरा एकट्या माणसाच्या मालकीचा नसतो, तो समाजाने दिलेला असतो. पण आजीचे वाक्य मला अधिक पसंत पडले.

त्यानंतर मी माझी भाकरी आणि ठेचा यांची समजूत तपासू लागले. शाळेत आम्हाला शब्दशक्ती शिकवल्या होत्या, अभिधा, लक्षणा आणि व्यंजना, आणि ‘घरावरून हत्ती गेला’ हे लक्षणेचे उदाहरण प्रत्येकाने परीक्षेत लिहिलेले असेल. हत्ती कौलांवरून चालत जाऊ शकत नाही, म्हणून शब्दशः अर्थाला अडथळा येतो, आणि मन ‘घरासमोरच्या रस्त्यावरून’ या जवळच्या अर्थाकडे वळते. या पहिल्या अर्थाला संस्कृत शास्त्रकार मुख्यार्थ म्हणतात. तो मुख्य का, याचे उत्तर काश्मीरच्या मुकुलभट्टाने सुमारे अकराशे वर्षांपूर्वी दिले आहे. त्याचे म्हणणे असे की माणूस समोर आला की हात-पाय वगैरे अवयवांच्या आधी जसे त्याचे मुख दिसते, तसा शब्द ऐकला की इतर अर्थांच्या आधी हा अर्थ कळतो, आणि मुखासारखा म्हणून तो मुख्य. हे वाचून मी उठून बसले, कारण चिनीतही शब्दशः अर्थाला जे म्हणतात ते ‘त्झ-म्येन’, अक्षराचा चेहरा. दोन वेगळ्या परंपरांना, बहुधा एकमेकींना न विचारता, अर्थाच्या आरंभी चेहराच दिसला. इंग्रजीत मात्र त्यासाठी जो शब्द आहे तो लॅटिनमधल्या ‘अक्षर’ या शब्दावरून आला आहे. तेथे चेहरा नाही, नुसती शाई आहे.

म्हणजे ‘चेहरा’ या शब्दाचा शब्दशः अर्थ काय, हा प्रश्न चिनीत विचारायचा तर ‘चेहऱ्याचा अक्षर-चेहरा काय’ असे म्हणावे लागते. आणि त्या प्रश्नाचे उत्तरही सरळ नाही. म्येनचे जुने चिन्ह पाहिले तर त्यात एक डोळा आहे आणि त्याभोवती रेषेचे कुंपण आहे. ल्येन हा नंतरचा शब्द, आणि आरंभी त्याचा अर्थ फक्त गाल असा होता. हळूहळू गालाने सगळा चेहरा व्यापला. आज उत्तरेतला माणूस सकाळी ल्येन धुतो, पण क्वांगचौच्या बाई त्यांच्या कँटनी बोलीत अजूनही ‘मिन’ धुतात, म्हणजे जुना म्येनच. घड्याळाची तबकडी, खाणीत कोळसा खणतात ती बाजू, नोटेवरची दर्शनी किंमत, या सगळ्यांत चिनीतही म्येन आहे आणि इंग्रजीतही फेस आहे, त्यामुळे जे भाग मला अवघड वाटत होते ते माझ्या विद्यार्थ्यांना सहज सुटले. त्यातच पन्नासच्या दशकात चीनमध्ये लिपी सोपी करताना पिठाचे आणि शेवयांचे जे गुंतागुंतीचे चिन्ह होते ते टाकून त्या जागी म्येनचेच साधे चिन्ह वापरायचे ठरले, त्यामुळे आज चिनी खानावळीच्या पाटीवर जेथे शेवया लिहिलेले असते तेथे अक्षरशः चेहरा लिहिलेला असतो. तैवान आणि हाँगकाँगमध्ये दोन्ही चिन्हे वेगळी आहेत. आजोबा सिच्वानचे, त्यांच्याकडच्या तिखट शेवया प्रसिद्ध. म्येनशिवाय आमच्याकडे कोणी जगू शकत नाही, असे ते पूर्वी एकदा म्हणाले होते, आणि मी ते फक्त खाण्याबद्दलचे वाक्य समजून सोडून दिले होते.

खरा घोळ होतो तो दोन भाषांतल्या लाक्षणिक अर्थांची तोंडे सारखी आणि मने वेगळी असतात तेव्हा. इंग्रजीत ‘थपडेने तोंडावर मारले’ म्हणजे अपमान केला. आजच्या चिनी तरुणांच्या बोलण्यात ‘दा ल्येन’, तोंडावर मारणे, म्हणजे एखाद्याचे म्हणणे खोटे ठरणे. म्हणून त्या मुलाने लिहिले होते की हवामानखात्याच्या तोंडावर पावसाने थप्पड मारली, आणि मी त्यातल्या काव्याचे कौतुक केले. काव्य नव्हतेच, अंदाज चुकला होता एवढेच. मी शान्तुंगच्या बाईंना म्हणाले होते की दुकान चालवायचे तर कातडी जाड हवी, टीकेने खचून जाऊ नये या अर्थाने. पण चिनीत ज्याची चेहऱ्याची कातडी जाड तो निर्लज्ज, आणि त्यांनी तेव्हा नुसते “बरं” म्हटले होते. उलट, ‘दुतोंडी’ माणूस तिन्ही भाषांत दुतोंडीच निघाला. चिनीत तर त्याला दोन चेहऱ्यांबरोबर तीन सुऱ्याही दिल्या आहेत. आणि जिथे शब्दाचा चेहरा काहीच सांगत नाही तिथे मी मदत करू शकले: ‘फेस द म्यूझिक’ म्हणजे केल्या कर्माची फळे भोगणे, हे ऐकल्यावर परिचारिका बाई नाराज झाल्या, कारण त्यांना वाटले होते की वाद्यवृंदाच्या अगदी समोरच्या खुर्चीचे तिकीट मिळाले.

मला सगळ्यात आवडलेली म्हण बेकरीच्या बाईंनी सांगितली. ऐपत नसताना थाट करणाऱ्याला त्या म्हणतात, ‘स्वतःचे तोंड मारून सुजवायचे आणि लठ्ठ दिसायचे’. ही म्हण मी घरी नवऱ्याला ऐकवली. नुकतीच हप्त्याने घेतलेली गाडी दारात उभी होती. तो काही बोलला नाही.

आजोबांना परत कसे आणायचे, हे मला बाईंनीच सांगितले. वर्गासमोर माफी मागण्याचा माझा बेत त्यांनी मोडून काढला, कारण माफी मागायची तर चूक पुन्हा सगळ्यांसमोर उगाळावी लागणार. चेहरा परत द्यायचा असेल तर काहीतरी मोठे काम द्या, असे त्या म्हणाल्या. मी भाषाविज्ञानाच्या त्या मुलाकडून निरोप पाठवला की छांग आणि जांग यांतला फरक मला समजलेला नाही आणि तो शिकवणारे कोणी हवे आहे. तिसऱ्या शनिवारी आजोबा इस्त्रीचा सदरा घालून, बरोबर स्वतःचे खडू घेऊन आले. ते पूर्वी रेल्वेसाठी जमिनीची मोजणी करत असत. फळ्यावर त्यांनी काढलेली चिन्हे आखल्यासारखी होती. वीस मिनिटे त्यांनी आम्हाला सूर घोटवले. माझा जांग वारंवार छांगकडे घसरत होता आणि ते प्रत्येक वेळी, अगदी सौम्यपणे, फक्त माझ्याकडे पाहून, तो दुरुस्त करत होते. त्या दिवशी मी त्यांना लाओशी म्हटले. त्यांनी हात झटकून नको नको केले, आणि मग तो फळा पुसायला कोणाला दिला नाही.

मग त्यांनी विचारले की तुमच्या भाषेत चेहऱ्याला काय म्हणतात. मी म्हटले, चेहरा हा शब्द फारसीतून आला; आमचा रोजचा शब्द तोंड. बोलायचे, खायचे ते तोंड, आणि सकाळी धुवायचे तेही तोंडच, त्यात दात घासणेसुद्धा आले. वर्गात खळबळ उडाली, कारण दोन अवयवांना एक शब्द ही त्यांना गैरसोय वाटली. मी सांगितले की संकटासमोर उभे राहणे याला आम्ही संकटाला तोंड देणे म्हणतो. मुलगा चमकून म्हणाला की चिनीत तोंड देणे, ‘गेइ म्येन-त्झ’, म्हणजे एखाद्याला मान देणे, आमंत्रण स्वीकारणे, त्याचा शब्द खाली पडू न देणे. आजोबांना हे फार आवडले. संकट दारात आले तर त्याला मान देता तुम्ही, चहा पाजता का, असे त्यांनी विचारले. मी सांगितले की आमची अब्रू मात्र तोंडात कमी आणि नाकात जास्त असते. ती गेली की नाक कापले म्हणतात. तेव्हा आजोबांनी स्वतःच्या नाकावर बोट ठेवले. आपण ‘मी’ म्हणताना छातीवर हात ठेवतो, चिनी माणूस नाकाकडे बोट करतो. आणि त्यांच्या लिपीत ‘स्वतः’साठी जे चिन्ह आहे ते मुळात नाकाचेच चित्र होते. नाक म्हणजे मीच की, असे ते म्हणाले.

घरी गेल्यावर मी वहीत ‘फेस’ हा शब्द देवनागरीत लिहिला आणि माझ्याच अक्षराकडे पाहून मला हसू आले. मराठी वाचकाला तो साबणाचा फेस दिसणार, आणि दोन महिने या एका शब्दाच्या पाठी धावताना माझ्या तोंडाला खरोखरच फेस आला होता. हा विनोद मी पुढच्या वर्गात सांगण्याचा प्रयत्न केला. तो कोणालाही कळला नाही, पण सगळे हसले. ते मला म्येन-त्झ देत होते हे आता मला ओळखता येते.

त्या दिवशी निघताना आजोबा थांबले. त्यांना एक हिशेब पुरा करायचा होता. तोंड या शब्दाचे मूळ काय, आधी खायचे तोंड की आधी धुवायचे? चिनीत मूळ अर्थाला ‘बेन यी’ म्हणतात, आणि त्यातल्या ‘बेन’चे चिन्ह म्हणजे झाड आणि त्याच्या बुंध्याशी मारलेली एक आडवी खूण, तशी खूण त्यांना माझ्या शब्दाला हवी होती. मी म्हटले, दोन्हीच्या आधी पक्ष्याची चोच. संस्कृतात तुंड म्हणजे चोच, पुढे आलेले मुस्कट, आणि सोंडसुद्धा. सोंड कळेना, म्हणून मी मोबाईलवरचे गणपतीचे चित्र दाखवले आणि सांगितले की या देवाचे एक नाव वक्रतुंड, त्यातले तुंड ते हेच.

आजोबांनी चष्मा वर करून चित्र बराच वेळ पाहिले. “तुमच्या देवाचा लाँग फेस आहे,” ते म्हणाले.

“छांग की जांग?” मी विचारले, आणि या वेळी माझे सूर बरोबर लागले.

त्यांनी मोबाईल हातात घेतला, चित्र मोठे केले, सोंडेच्या वळणावरून टोकापर्यंत बोट नेले, आणि म्हणाले, “दोन्ही.”